तेरेखोलच्या किल्ल्यातल्या सात खोल्या

भात लावून झालं असेल, किंवा आवण अजून काढायचं असेल, हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज बचत, कर्ज, वहीखातं यांतलं काही नाही. आज बोलायचंय जुन्या वास्तूंबद्दल. किल्ला, जुना बंगला, धर्मशाळा, बागेतला जुना मंडप, अशी सगळ्यांच्या मालकीची वास्तू सरकार कुणाला तरी चालवायला देतं आणि तिथे हॉटेल नाहीतर स्पा होतो, तेव्हा आपलं काय होतं?

स्पा म्हणजे काय, हे गटाच्या बैठकीत बायका विचारतात. तेल लावून अंग रगडायचं, वाफ घ्यायची, गरम पाण्यात बसायचं आणि त्याचे पैसे मोजायचे. एवढंच. आपला जिल्हा 1997 साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून किनाऱ्यावर हॉटेलं वाढली आणि हॉटेलांच्या मागून स्पाही आला. नव्या जागेवर नवं बांधलं तर तो मालकाचा प्रश्न. पण जुनी सार्वजनिक वास्तू घेतली, की तो आपला सगळ्यांचा प्रश्न होतो.

लांब जायला नको. शिरोडा, रेडी, आरोंदा या बाजूच्या बायकांनी तेरेखोलचा किल्ला पाहिलेला आहे. खाडी आपल्या बाजूला, म्हणजे किल्ला नदीच्या उत्तर काठावर, पण हद्द गोव्याची. गोव्यातला माणूस तिथे केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडून येतो, आपण मात्र रस्त्याने जातो. हा किल्ला बांधला सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी, सतराव्या शतकात. 1746 मध्ये पोर्तुगिजांनी तो जिंकला. आत चर्च बांधलं, ते आजही किल्ल्याच्या मधोमध उभं आहे, सेंट अँथनीचं. पुढे 15 ऑगस्ट 1954 ला गोवा मुक्तीचे सत्याग्रही या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. एक दिवस तो झेंडा तिथे राहिला, मग त्यांना पकडून तुरुंगात टाकलं. गोवा स्वतंत्र झाला त्यानंतर सात वर्षांनी, डिसेंबर 1961 मध्ये.

एवढ्या सगळ्या घडामोडी झालेल्या त्या जागेत पुढे हॉटेल झालं. सात खोल्या, आणि खोल्यांना वारांची नावं. सोमवार, मंगळवार, बुधवार अशी. आपल्याकडे शनिवारच्या खोलीत राहायला कोण तयार होईल देव जाणे, पण बाहेरच्या पाहुण्याला गंमत वाटते.

आता हे चांगलं झालं की वाईट? मी दोन्ही बाजू सांगते.

चांगली बाजू आधी. वेंगुर्ल्याची डच वखार आठवा. तीही सतराव्या शतकातली, वलंदेजांची. कित्येक वर्षं ती पडझडीत उभी आहे, भिंतींवर झाडं वाढलेली, छप्पर गेलेलं. कुणी राहत नाही, कुणी वापरत नाही, त्यामुळे पावसाळ्यागणिक थोडी थोडी जाते. जांभ्याच्या भिंतीला छप्पर नसलं की काय होतं ते आपल्याला सांगायला नको, आपल्या मांगरांचं तेच होतं. तेरेखोलला तसं झालं नाही. तिथे माणसं राहिली, कौलं बदलली गेली, चुना लागला. वापरात असलेली वास्तू टिकते, ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट आपण बायकांनी मोकळेपणाने बोलली पाहिजे. 'ही जागा सगळ्यांसाठी खुली आहे, ती तशीच राहू दे' असं गावातले पुरुष म्हणतात. खुली कोणासाठी? अशा पडक्या वास्तूत संध्याकाळी कोण बसतं, सकाळी तिथे कसल्या बाटल्या सापडतात, हे आपल्याला माहीत आहे. किती बायका दिवस मावळल्यावर तिथे जातात? तिथे दिवा आहे का, शौचालय आहे का? कागदावर खुली असलेली जागा बायकांसाठी आधीच बंद असते. म्हणून नवं काही आलं की लगेच झेंडा घेऊन विरोधाला उभं राहावं, या मताची मी नाही.

पण दुसरी बाजू. तेरेखोलच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा, मे महिन्यात, फेस्ताला लोक जातात. एरवी चर्च बंद असतं आणि त्याच्या भोवती हॉटेल झालं. म्हणजे ज्या अंगणात झेंडा फडकला, त्या अंगणात आपण गेलो तर कोण म्हणून जायचं? पाहुणा म्हणून, की खोलीच्या चादरी बदलणारी म्हणून? तिसरं एक नातं असतं, ते आधी होतं. गावचं माणूस म्हणून जायचं. वास्तू भाड्याने जाते तेव्हा भिंती जात नाहीत, हे नातं जातं. आणि ते कुणी मुद्दाम तोडत नाही. करारपत्रात त्याचा उल्लेखच नसतो, म्हणून ते जातं.

त्याच तेरेखोल गावात 2014 च्या सुमाराला गोल्फच्या मैदानाचा प्रकल्प आला, तेव्हा लोक उभे राहिले. काजूच्या बागांवर यंत्रं आली, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. एवढंसं गाव, पण विचारायला लागलं. मला वाटतं, किल्ल्याच्या वेळी जे विचारायचं राहिलं ते त्यांनी तेव्हा विचारलं.

आपल्या राज्यातही सप्टेंबर 2019 मध्ये बातमी आली होती की काही किल्ले हॉटेलांसाठी दीर्घ मुदतीने देणार. केवढा गदारोळ झाला! शिवाजी महाराजांच्या इतिहासाशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. खुलासा झाला, लोक शांत झाले. पण बाकीच्या वास्तूंचं काय? ज्या वास्तूला मोठं नाव नाही, तिच्यासाठी मोर्चा निघत नाही. बागेतल्या मंडपासाठी, बंदरावरच्या जुन्या बंगल्यासाठी कोण ओरडणार? तिथे आसपासच्या बायकांनीच बघावं लागतं.

काही जण विचारतील, म्हणजे जुन्या इमारतीत आंघोळ-मालिश असूच नये का? तसं नाही. हंगेरी देशात बुडापेस्ट शहरात तुर्कांनी सोळाव्या शतकात बांधलेलं रुडास नावाचं स्नानगृह आहे. तिथे आजही लोक तिकीट काढून आंघोळ करतात. पण ती इमारत मुळात आंघोळीसाठीच बांधलेली, खाली गरम पाण्याचे झरे, वर दगडी घुमट. पाणी आणि वाफ सोसण्याच्या हिशेबानेच ती उभी केली. आपल्याकडची जांभा आणि चुन्याची इमारत वेगळी. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. त्याच्यावर सिमेंटचा गिलावा मारून, आतून फरशी बसवून, त्यात रोज वाफ कोंडली, की ओल भिंतीच्या पोटातच राहते. समुद्राकाठी त्या ओलीत मीठ असतं. दोन-चार वर्षांत जांभा भुसभुशीत होऊन हाताने सुटायला लागतो. हे समजायला इंजिनिअर लागत नाही. आपल्या मोरीच्या भिंतीकडे बघा.

आता पाण्याचं सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत धो धो पडतो, आणि एप्रिलमध्ये आपणच कळशी घेऊन विहिरीच्या तळाला डोकावतो. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून जास्त उपसा झाला की आत खारं पाणी शिरतं, आणि एकदा विहीर खारी झाली की ती लवकर गोडी होत नाही. स्पाला गोडं पाणी लागतं. टबाला, वाफेला, आणि सगळ्यात जास्त धुण्याला. एका गिऱ्हाइकामागे दोन-तीन टॉवेल, चादर, सगळं तेलकट, सगळं रोज धुवायचं. आणि सगळ्यात जास्त गिऱ्हाईक कधी येतं? मे महिन्यात! जेव्हा आपली विहीर तळाला असते. मग ते तेलाचं आणि साबणाचं पाणी कुठे सोडणार? शोषखड्ड्यात. जांभ्यात शोषखड्डा म्हणजे खालच्या अंगाच्या विहिरीत पोचलंच समजा. पाणी कुठून घेणार आणि कुठे सोडणार, ही दोन वाक्यं करारात लिहिलेली नसतील तर बाकीचा करार वाचायची गरज नाही, असं मी म्हणेन.

कामाबद्दल बोलू. बैठकीत पहिला प्रश्न हाच असतो, "आमका थंय काय काम गावतला?" झाडलोट गावतली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जरा विचार करा, स्पात विकतात काय? तेल लावायची कला. आणि ही कला कोणाकडे आहे? बाळंतिणीला सवा महिना तेल लावणारी, तान्ह्या बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणारी बाई प्रत्येक वाडीत एकतरी आहे. तिला आपण काय देतो? एक साडी, नारळ, थोडे पैसे. तिच्या हातातलं जे आहे त्याला बाहेर दर आहे. आपलं मुठेल, आपलं भिरंडेल बघा. टाचांच्या भेगांना लावतो ते भिरंडेल 'कोकम बटर' म्हणून छोट्या डबीत विकलं जातं, आणि आपणच ते ओळखत नाही.

फक्त एक अडचण आहे. स्पावाले प्रमाणपत्र मागतात. सौंदर्य आणि आरोग्य सेवेचे कौशल्य प्रशिक्षणाचे वर्ग सरकारी योजनांतून होतात, ते आपल्या तरुण मुलींनी करावेत. आणि अशा कामाला मुलगी पाठवताना घरातली माणसं कुरकुर करतात, तीही कुरकुर अगदीच खोटी नसते. बंद खोलीतलं काम, अनोळखी माणूस. म्हणून हे कान देऊन ऐका. 2013 च्या कायद्याप्रमाणे जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तिची अध्यक्ष बाई असली पाहिजे. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तिथे तक्रार करता येते. कामावर जाण्याआधी विचारायचं, "समिती आहे का? नावं कुठे लावलीत?" विचारायला लाजायचं नाही. उत्तर देताना जो चाचरतो, त्याच्याकडे मुलगी पाठवायची नाही.

पर्यटनातलं काम म्हणजे दुसऱ्याच्या हाताखालीच, असंही नाही. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर चालवतात. होडी त्याच वल्हवतात, कुठलं झाड कुठलं ते त्याच सांगतात. वास्तू नाही, इमारत नाही, खाडी आहे तशीच आहे, आणि पैसा गटाचा. एखाद्या जुन्या बंगल्याचा ओटा, तिथला चहा-नाश्ता, वास्तू दाखवायचं काम गटाला का देऊ नये? स्पा मागच्या नव्या खोल्यांत करा, पुढचा जुना मंडप लोकांना राहू द्या, असं सांगता येतं. मधला रस्ता काढताच येत नाही असं कुणी म्हणालं तर नळदुर्गचं उदाहरण द्या. धाराशिव जिल्ह्यातला तो किल्ला 2014 मध्ये सोलापूरच्या एका कंपनीला सांभाळायला दिला, राज्याच्या संगोपन योजनेतून. मालकी पुरातत्त्व खात्याची राहिली, बाग झाली, झाडझूड झाली, आणि लोक तिकीट काढून सगळा किल्ला फिरतात. तिकीट घेतात हे काहींना आवडत नाही. मलाही गावच्या माणसाला तिकीट असावं हे पटत नाही. पण दार उघडं आहे.

हे सगळं विचारायचं कुठे? ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. आपल्याकडे बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर होते आणि सह्या घरी येतात. ती सही घरी करू नका. सभेत जाऊन करा, आणि वास्तूचा विषय असेल तर ठराव लिहून घ्या. जागा किती वर्षांसाठी दिली, भाडं किती, गावकऱ्यांना कुठपर्यंत प्रवेश, जत्रेला-फेस्ताला काय, पाणी कुठून, तक्रार कोणाकडे करायची. करार बघायला मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला शुल्कही नाही. अर्ज एकीच्या नावाने करू नका, तिलाच सगळे धरतात. चार-पाच जणींनी वेगवेगळे अर्ज करा.

करार सही झाल्यावर अर्ज करून कागद मिळतो, पण त्यातलं वाक्य बदलत नाही. म्हणून मोजणीवाले आले, बाहेरच्या नंबरची गाडी दोनदा-तीनदा येऊन वास्तूचे फोटो काढून गेली, की तेव्हाच ग्रामपंचायतीत विचारा. महिला सभा ग्रामसभेच्या आधी असते. तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, गटातल्या एकीने जाऊन बघून यायचं आणि बाकीच्यांना फोन करायचा.