काठावर पास झालेला संघ

श्रोतेहो, शाळेत एखादा मुलगा काठावर पास होऊन वरच्या वर्गात जातो. त्याला मागच्या बाकावर बसवतात, आणि ‘हा काही इथे टिकायचा नाही’ असे सारेच गृहीत धरतात. आज मी अशाच एका फुटबॉल संघाची हकीकत सांगणार आहे.

इंग्लंडात ट्रेंट नदीच्या काठी नॉटिंगहॅम नावाचे शहर आहे. आपल्या खेडोपाडी ठाऊक असलेली रॅले सायकल मूळची तिथलीच. या गावचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा संघ 1865 साली स्थापन झाला. तिकडे फुटबॉलच्या साखळी स्पर्धेत श्रेण्या असतात. त्या काळी वरच्या श्रेणीत बावीस संघ असत. वर्षअखेर तळाचे तीन खाली उतरत आणि खालच्या श्रेणीतले पहिले तीन वर चढत. फॉरेस्ट 1972 साली खाली घसरला, आणि पुढची पाच वर्षे खालीच राहिला.

1975 च्या जानेवारीत ब्रायन क्लफ या संघाचा व्यवस्थापक झाला. गुडघ्याच्या दुखापतीने ऐन उमेदीत त्याचा खेळ संपला होता. डर्बी संघाला त्याने 1972 साली विजेता केले; पण लीड्स संघाने मात्र त्याला चव्वेचाळीस दिवसांतच घरी पाठवले. 1976 मध्ये त्याचा जुना जोडीदार पीटर टेलर येऊन मिळाला. क्लफ बोलणारा, तर टेलर माणूस पारखणारा. 1977 साली फॉरेस्ट बावन्न गुणांनी तिसरा आला. आपले सामने संपवून तो बोल्टन संघाच्या निकालाची वाट पाहत होता. बोल्टन चुकला, एका गुणाने मागे राहिला, आणि फॉरेस्टला दार उघडले. काठावर पास म्हणतात ते हेच!

आता वर टिकायचे कसे? बघा, या दोघांनी काय केले. केनी बर्न्स हा पुढच्या फळीत खेळणारा, दांडगा म्हणून बदनाम झालेला गडी. त्याला त्यांनी विकत घेतले आणि बचावफळीच्या मध्यभागी उभे केले. वर्षअखेर क्रीडालेखकांनी त्यालाच वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. जॉन रॉबर्टसन संघात आधीपासून होता; अंगाने जडसर, पळण्यात मंद. त्याला डाव्या कडेला नेले, तेव्हा त्याच्या पायातली जादू दिसली. खेळाडू जुनेच, पण त्यांच्या जागा बदलल्या.

मात्र हे सारे फुकटात झाले असे समजू नका. पीटर शिल्टन या गोलरक्षकासाठी संघाने सुमारे अडीच लाख पौंड मोजले. गोलरक्षकासाठी एवढी रक्कम म्हणजे त्या वेळी उधळपट्टीच वाटे. पण हिशेब सरळ होता. गोल करणारा जसे गुण मिळवून देतो, तसेच गोल अडवणारा हातचे गुण राखतो.

20 ऑगस्ट 1977 रोजी पहिल्याच सामन्यात फॉरेस्टने एव्हर्टनला त्यांच्या मैदानावर 3–1 असे हरवले. लोक म्हणाले, नव्याचे नऊ दिवस! नोव्हेंबरपर्यंत तीन पराभव झालेही. पण त्यानंतर त्या मोसमात साखळीतला एकही सामना त्यांनी गमावला नाही. डिसेंबरात मँचेस्टर युनायटेडला त्यांच्या घरी जाऊन 4–0 असे नमवले. 22 एप्रिल 1978 रोजी कॉव्हेंट्रीत सामना गोलशून्य सुटला. शिल्टनने त्या दिवशी अगदी जवळून आलेला चेंडू अडवला, आणि चार सामने शिल्लक असतानाच फॉरेस्ट विजेता ठरला. बेचाळीस सामन्यांत पंचवीस विजय, चौदा बरोबरी, तीन पराभव. विजयाला दोन आणि बरोबरीला एक, असे एकूण चौसष्ट गुण. दुसऱ्या आलेल्या लिव्हरपूलपेक्षा सात जास्त. गोल करण्यात दुसरे काही संघ पुढे होते. पण फॉरेस्टने अवघे चोवीस गोल होऊ दिले, इतके कमी दुसऱ्या कुणीच नाही.

पुढे 1979 मध्ये म्युनिकला आणि 1980 मध्ये माद्रिदला या संघाने युरोपचा चषक जिंकला. माद्रिदचा एकमेव गोल त्या मंद रॉबर्टसनचा, बरं का!

पण शिडी कुणाच्या मालकीची नसते. 1993 साली, क्लफच्या अखेरच्या वर्षी, संघ पुन्हा खाली आला. लगेच वर चढला, पण 1999 मध्ये जो उतरला, तो थेट 2022 साली वर परतला. मधल्या काळात एक पिढी वाढली. तिने विजय ऐकले, पाहिले मात्र नाहीत.

गुरुजनहो, ही हकीकत मला विशेष तुमच्यासाठी सांगाविशी वाटली. आपल्या वर्गातही रॉबर्टसन असतो, बर्न्स असतो. एखाद्या मुलावर मंद किंवा दांडगा असा शिक्का मारण्याआधी त्याची जागा एकदा बदलून पाहावी. प्रत्येक जण विजेता होईल असे नाही. पण कोण कुठे उभा राहिला तर फुलेल, हे हेरणारी नजर शिक्षकाजवळ हवी. काठावर पास झालेल्या त्या संघाला अशी नजर लाभली होती.