कळांचा रात्रपाळीचा हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने बाळंतपणावर काय बोलावे, असे आज कामरगावात कुणाला वाटले असेल. पण आम्ही जन्मभर कामाचे तास मोजत आलो, आणि हा प्रश्नही आम्हांस तासांचाच दिसतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभरांपैकी २१.५ बाळंतपणे सीझरने झालेली आढळली, महाराष्ट्रात २५.४. देशातल्या सरकारी दवाखान्यांत हा आकडा १४.३, तर खाजगीत ४७.४! दवाखान्याचा दरवाजा बदलला म्हणून बाईची हाडे काही बदलत नाहीत.

पहिलटकरणीच्या कळा बारा-पंधरा तास, कधी त्याहूनही अधिक चालतात. सीझर तासाभरात आटोपते. डॉक्टरने बाकीचे रोगी सोडून रात्रभर थांबावे कसे? भूल देणारा बाहेरगावचा, तो त्याच्या सवडीने येणार. शिवाय मूल दगावले, तर 'सीझर का केले नाही?' म्हणून लोक अंगावर धावतात, 'का केले?' असे विचारायला कोणी येत नाही. बिलाचा मोह आहेच, पण सारे पाप त्याच्याच माथी मारणे आम्हांस पटत नाही. मुहूर्त पाहून सीझर मागणारी घरेही आहेत; त्यांची गोष्ट सोडून देऊ.

बाया घाबरट झाल्या, असे आम्हीही समजत होतो. जिनिंगमधल्या एका मजूर बाईने आमचे कान उपटले. म्हणाली, "भाऊ, पोट एकदाच चिरतेत. पन रातभर एकटीनं कळा सोसाच्या अन् वरतून बोलनं खाचं, थे तुमी सोसून पाहा!" त्यावर आम्ही काय बोलणार?

अडलेल्या बाईचा जीव सीझरने वाचतो. त्याबद्दल वाद नाही. पण विनाकारण केलेले सीझर पुढच्या खेपेस नडू शकते. वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका दर सीझरागणिक वाढतो. आणि ओले टाके घेऊन कापूस वेचायला जाणारीला हे कोण आधी सांगतो?

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. बाळंतपणाचा प्रश्न कामगारांचा आहे, हे तेव्हाच ठरले. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी बाईजवळ सोबतीण राहू देण्यास परवानगी दिली. २०१८ साली परिचारिकांना प्रसूतिसेविकेचे दीड वर्षाचे शिक्षण देण्याचे धोरण ठरले.

तरी आपल्याकडे सासू अजून बाहेरच्या बाकावरच बसलेली दिसते. तिला आत घ्या, ही मागणी आम्ही यंदा संघटनेच्या यादीत घातली आहे. पगारवाढीच्या वर घालावी की खाली, यावर सभासदांत भांडण चालू आहे.