मधल्या दिवसांचे फोटो



मी सॉफ्टवेअरवाला, कलेतला जाणकार नव्हे. पण जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं, इंटरनेट बंद झालं आणि मी लॅपटॉप मिटून घरात बसलो. एक चित्र काय करू शकतं, ते तेव्हा कळलं.

म्हणून आज सुधारक ओलवे यांचं नाव घेतो. वृत्तपत्रात फोटोग्राफर असताना ते मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर फिरले. गटारात उतरणारी माणसं त्यांनी प्रदर्शनाच्या भिंतीवर आणली, लोकांना थांबून बघायला लावलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकट्याच्या नावावर न थांबता त्यांनी फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्टही काढला, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आपल्याकडे काय कमी आहे? आबालाल रहमान याच गावात कोटितीर्थ रंगवत राहिले. दसरा चौकात शाहू महाराजांच्या काळातलं मुस्लिम बोर्डिंग आहे, शाहू स्मारकाचं कलादालनही तिथंच. पण आपला फोटो छापून येतो तो ईदच्या गळाभेटीचा, नाहीतर दगडफेकीचा. मधले दिवस कुठं गेले? लिलावात घसा बसलेला बागवान, गॅरेजमधले मामू, शिलाई मशिनवरची अम्मी?

दालनाचं भाडं पंधराजणांत वाटून घेऊ. फक्त विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही; अम्मी नको म्हणाली तर नको. रविवारी सकाळी सातला बोर्डिंगच्या दारात या. कॅमेरा नसला तरी मोबाइल चालेल.