बाळंतिणीची शेगडी

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



आज बचतीचं, कर्जफेडीचं बोलणार नाही. थंडीचं बोलू.

आपलं सरपण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, अन् नशीब असलं तर बाभूळ. किनवट-माहूरकडच्या बायांना जंगल तरी आहे; लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, बांधावरची बाभूळ हेच आपलं रान. तुराटी भक्कन पेटते अन् लगेच विझते. बाभळीचा निखारा मात्र लई वेळ टिकतो, म्हणून शेकायला तोच लागतो. तोच घमेल्यात भरून बाळंतिणीच्या बाजेखाली सरकवायचा, वर ओवा-शेपा टाकायच्या, दार लावून घ्यायचं. हे आज्यांपासून चालत आलंय.

मागच्या जानेवारीत अहमदपूर तालुक्यातल्या एका गावी मी समूहाची वही तपासायला गेले होते. घरात पहिलटकरीण लेक माहेरी आलेली, नवव्या दिवसाची बाळंतीण. मावशी म्हणाल्या, "रातभर डोकं दुखायलंय म्हणत होती, आता उठंनाच गेली." खोली स्लॅबची, खिडकीला पोतं ठोकलेलं, दाराच्या फटीत चिंध्या. धुराचा मागमूस नाही. आम्ही दोघींनी तिला अन् बाळाला उचलून ओसरीवर आणलं, १०८ ला फोन केला. दोघं वाचली. खरं सांगते, समाजकार्याची पदवी घेतलेली मी, मलाही आधी अशक्तपणाच वाटला. ओळखलं ते गाडीतल्या डॉक्टरांनी, बाजेखालची शेगडी विचारून.

धूर नाही म्हणजे धोका नाही, इथंच आपण फसतो. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपेतलं माणूस जागंच होत नाही.

"आमच्या टायमाला कुणाला काही झालं नाही," असं सासूबाई म्हणणारच. त्यांचं घर माळवदाचं होतं, वर धुराडं, दाराला बोटबोट फटी. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी गावांत माळवदं गेली, पुढं घरकुलं आली. स्लॅब थंडीत गार पडतो म्हणून आपण फटी बुजवतो. घर बदललं, शेगडी तीच राहिली.

शेक बंद करा असं मी म्हणत नाही, म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. पण शेक दिवसा द्या, दार-खिडकी उघडी ठेवून, जवळ जागं माणूस बसवून. झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर. "वारं लागंल की ओ," असं मला प्रत्येक गावात ऐकावं लागतं. वाऱ्याला गोधडी आहे मावशी, त्या वायूला नाही. बाळाला टोपी, पायमोजे घाला, आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. आशाताई करून दाखवतील. अन् शेगडीच्या खोलीत कुणाला गुंगी आलेली दिसली, तर आधी उघड्यावर आणा, मग १०८.

होळीपर्यंत तुमच्या समूहात कोण कोण बाळंत होणार आहे, त्यांची नावं आज जाताना लिहून द्या. माहेरी जाणार असेल तर माहेरचं गावही लिहा. मी घरी येईन. लग्न न झालेल्या पोरीचं या बाबतीत कोण ऐकतंय, म्हणून त्या गावच्या मावशी माझ्यासोबत यायला तयार झाल्यात.