पुरावा बोलतो, पण तो जपावा लागतो

(यवतमाळ येथे अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



मला दिलेला विषय आहे 'न्यायसहायक विज्ञान आणि त्यातले करिअर'. मी पोलिस खात्यातला नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण मोबाईल आणि संगणकातली नोंद कोर्टात कशी टिकते, हा माझ्या कामाला लागून असलेला विषय आहे. टीव्हीवरच्या मालिकेत भिंग लावून पाच मिनिटांत आरोपी सापडतो. खरं काम तसं नसतं. ते संथ असतं, बरंचसं नोंदवहीतलं असतं, आणि त्यावर कुणाची तरी जन्माची सुटका किंवा शिक्षा ठरते.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. २०१७च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. तुमच्यापैकी अनेकांच्या गावाने ते पाहिलं आहे. तेव्हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता, विष नेमकं कोणतं? फवारणीच्या पंपात दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली. त्यातलं ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचं विष शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमला निकामी करतं. रक्ताच्या एका चाचणीत त्याचं प्रमाण घटलेलं दिसतं. पण त्या वेळी इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही चाचणी होत नव्हती. उपचार करणारे डॉक्टर लक्षणं बघून झुंजत राहिले. आणि पुढे जबाबदारी कुणाची हा प्रश्न आला, तेव्हा रक्तातला पुरावा वेळेवर नोंदलेलाच नव्हता. विष शरीरातून निघून जातं, पुरावाही त्याच्याबरोबर निघून जातो.

विषबाधेने मृत्यू झाला की शवविच्छेदनात जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग काढून बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. यालाच आपण व्हिसेरा म्हणतो. तो प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. आपल्या विभागाची प्रयोगशाळा अमरावतीला आहे. तिथून येतो तो 'सी.ए. रिपोर्ट'. पोलिस चौकशी असो की विम्याचा दावा, विधवेला हा कागद मागितला जातो. म्हणून हे शास्त्र फक्त खून-दरोड्याचं नाही, हे गरिबाच्या घरापर्यंत येणारं शास्त्र आहे.

आता थोडा इतिहास. बोटांच्या ठशांचं वर्गीकरण करण्याची जी पद्धत जगभर पोलिसांनी वापरली, तिला 'हेन्री पद्धत' म्हणतात. एडवर्ड हेन्री हे बंगालचे पोलिस महानिरीक्षक होते. पण त्या पद्धतीचं गणित मांडलं त्यांच्या हाताखालच्या दोन भारतीयांनी, काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. अझीझुल हक गणिताचे विद्यार्थी होते. हजारो ठशांमधून एक ठसा पटकन शोधायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आज आम्ही संगणकात 'सर्च' करतो, तोच हा प्रश्न. एक मुसलमान आणि एक हिंदू तरुण एका टेबलावर बसून तो सोडवत होते, हे लक्षात ठेवा.

दुसरं उदाहरण डीएनएचं. इंग्लंडमध्ये १९८४ साली अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याचं तंत्र शोधलं. दोन वर्षांनी लीस्टरशायर परगण्यातल्या दोन मुलींच्या खुनांच्या तपासात ते वापरलं गेलं. एका सतरा वर्षांच्या मुलाने पोलिसांपुढे एका खुनाची कबुली दिली होती. चाचणी सांगत होती, तो हा नव्हेच. खरा गुन्हेगार नंतर सापडला. म्हणजे गुन्ह्याच्या तपासात डीएनएने पहिलं काम केलं ते निर्दोषाला सोडवण्याचं. कबुलीजबाब खोटा असू शकतो, हे त्यातून जगाला कळलं.

आपल्या राज्यातलं उदाहरण जड आहे, पण सांगतो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८०हून अधिक प्रवासी गेले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. तोवर त्यातला एक तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असं त्या न्यायालयाने सांगितलं आहे. त्यावर मी निकाल देणार नाही. पण उच्च न्यायालयाने दाखवलेली एक उणीव प्रत्येक विद्यार्थ्याने लिहून ठेवावी. जप्त केलेला मुद्देमाल प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नीट सीलबंद आणि सुरक्षित ताब्यात होता, हे सिद्ध झालं नाही. लाखेचं सील, पंचांची सही, वेळेची नोंद, कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी. एवढ्या साध्या गोष्टी. त्या सुटल्या की ज्यांची माणसं गेली त्यांना उत्तर मिळत नाही आणि ज्यांची वर्षं तुरुंगात गेली त्यांना ती परत मिळत नाहीत.

डिजिटल पुराव्यातही सील असतं. त्याला 'हॅश' म्हणतात. एखादी फाईल गणिती सूत्रातून काढली की ठराविक लांबीचा एक आकडा मिळतो. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी तो आकडा पूर्ण बदलतो. म्हणून जप्तीच्या वेळी हॅश नोंदवायचा, मूळ मोबाईल बाजूला ठेवायचा आणि त्याच्या हुबेहूब प्रतीवर तपास करायचा. नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅशची नोंद आहे. तुमच्या घरी कुणाची ऑनलाइन फसवणूक झाली तर लाजेपोटी मेसेज डिलीट करू नका. १९३० वर फोन करा. फक्त स्क्रीनशॉटवर थांबू नका, मूळ चॅट तसंच ठेवा.

आता करिअर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आवश्यक केलं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार आहेत. बारावी विज्ञाननंतर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांत बी.एस्सी. करता येतं. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. पण हाच एक रस्ता नाही. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र घेऊनही प्रयोगशाळेच्या पदांसाठी अर्ज करता येतो, मात्र प्रत्येक जाहिरातीतली पात्रता नीट वाचा. डॉक्टर व्हायचं असेल तर न्यायवैद्यकशास्त्रात एम.डी. आहे. संगणकाची आवड असेल तर सायबर विभाग आहे. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर तपासणीचं काम पुण्याच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागात चालतं.

पालकांना एक सांगतो. 'मुलगी आणि असलं काम?' असं म्हणू नका. प्रयोगशाळेत अंगातली ताकद लागत नाही, चिकाटी आणि स्वच्छ नोंद लागते. आणि 'आपल्या मुलांना तिथे कोण घेणार?' असं म्हणून अर्जच न भरणं हे तर त्याहून वाईट. परीक्षा द्या, नापास झालात तर पुन्हा द्या.

आपल्या समाजात पोलिस-कोर्टाचं नाव निघालं की भीती वाटते. ती कुठून आली, हे मला ठाऊक आहे. पण भीतीला उत्तर घोषणेने मिळत नाही. पंचनामा वाचता येणारी, सी.ए. रिपोर्टमधलं वाक्य समजणारी, खोटं मत द्यायला नकार देणारी माणसं वाढली की भीती कमी होते. तज्ज्ञ ना आरोपीचा असतो ना पोलिसांचा. समोरचा आरोपी आपल्या जातीचा-धर्माचा असला आणि पुरावा त्याच्या विरुद्ध असला, तरी तसंच लिहावं लागेल. ज्याची ही तयारी आहे, त्याने या क्षेत्रात यावं.

विज्ञान शाखेचा फॉर्म भरताना या पर्यायाची घरी चर्चा करा. प्रश्न असतील तर आता विचारा, मी थांबलो आहे.