खांबाची ताकद आणि खांबाचा चिवटपणा



कामगार चळवळीतला माणूस काँक्रीटच्या खांबावर काय बोलणार, असे कित्येकांना वाटेल. आम्ही इंजिनियर नव्हे. परंतु बांधकाम मजुरांची संघटना उभारताना हे लोक काय बांधतात, ते समजून घेणे आम्हांला भागच पडले.

खांबाच्या अंगी दोन गुण लागतात. किती भार पेलेल, ती ताकद; आणि भार हाताबाहेर गेल्यावर एकदम न फुटता किती वाकून राहील, तो चिवटपणा. खडू आणि वेताची काठी यांतला हा फरक आहे. नुसते काँक्रीट खडूच्या जातीचे. ते जितके कणखर करावे, तितके मोडताना अचानक मोडते. भूकंपात नुसती ताकद पुरत नाही. माणसांना बाहेर पडायला उसंत मिळते ती चिवटपणामुळे.

हा चिवटपणा आणायचा कसा? दाबाखाली काँक्रीट बाजूंना फुगते. धान्य पोत्यात असेल तोवर उभे राहते, पोते फाटले की पसरते. खांबातल्या पोलादी रिंगा म्हणजे हे पोते. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियात सॅन फर्नांडो येथे भूकंप झाला. तिथल्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयात गोल फेऱ्यांच्या सळईने जखडलेल्या खांबांचे बाहेरचे कवच गळाले, खांब कलले, पण गाभा टिकला. विरळ रिंगांचे कोपऱ्यातले खांब मात्र पार फुटून गेले.

आता काँक्रीटमध्ये बारीक पोलादी तंतू मिसळतात. भिंतीच्या चिखलात भुसा घालणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ही युक्ती नवी वाटली नसती. हे तंतू साधारण तीन ते सहा सेंटिमीटर लांबीचे असतात. घनफळाच्या एक टक्का घातले, तर एका घनमीटरला सुमारे ७८ किलो लागतात. त्यांनी दाब सोसण्याची ताकद फारशी वाढत नाही. पण तडा गेला की ते दोन्ही काठ धरून ठेवतात, ओढले जात जात जोर जिरवतात. कवच उशिरा गळते. थोडक्यात, खडूला वेताचा गुण येतो.

इथेच सावध राहिले पाहिजे. "तंतू घातले, आता रिंगा विरळ चालतील," हा हिशेब आम्हांला मान्य नाही. तंतू रिंगांचे सोबती आहेत. गणित आणि चाचणी केल्यावाचून ते त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. भूकंपासाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे खांबाच्या दोन्ही टोकांशी रिंगांतले अंतर दहा सेंटिमीटरहून अधिक नसावे, आणि रिंगेचे आकडे १३५ अंशांत वळवून गाभ्यात शिरवावेत. काटकोनातला आकडा कवच गळताच उघडतो.

हे आकडे वळवतो कोण? फिटर. त्याची मजुरी बहुधा सळईच्या वजनावर ठरते. रिंगेला मेहनत फार आणि वजन थोडे! म्हणजे जे काम इमारत वाचवते, त्याचाच मोबदला सर्वांत कमी. म्हणून रिंगांची मजुरी निराळी मोजा, ही आमची मागणी आहे. तंतूंचेही तसेच. घाईने ओतले तर त्यांचे गोळे होतात. मग पाणी वाढवावे, तर ताकद जाते. त्यांची टोके हातांत रुततात, म्हणून हातमोजे हवेत आणि सावकाश मिसळायला वेळ हवा.

घर घेताना आपण फरशीचा रंग विचारतो. यापुढे काँक्रीट ओतण्यापूर्वी खांबाच्या रिंगा पाहायला जा, आणि त्या बांधणाऱ्याला किती मजुरी मिळाली, तेही विचारा. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, एवढेच आम्हांला सांगायचे होते.