मुकी जनावरे, वेगवान वाहने आणि यंत्राची दृष्टी

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रायगडच्या किनारपट्टीवर पावसाळा स्थिरावला की एक दृश्य नित्याचे होते. शेतात चिखल, गोठ्यात ओल आणि डासांचा उपद्रव यांमुळे गाई-म्हशी रात्री डांबरी रस्त्यावर येऊन बसतात. रस्ता तुलनेने कोरडा असतो, दिवसाची ऊब त्यात काही काळ टिकते आणि मोकळ्यावर वारा असल्याने माश्या-डास कमी लागतात. भाताची कापणी झाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची जुनी वहिवाटही कोकणात आहे. जनावराच्या दृष्टीने रस्त्याची ही निवड शहाणपणाचीच होय. मात्र पेण-अलिबाग किंवा अलिबाग-रेवदंडा-मुरूड मार्गाने अंधारात दुचाकीवरून येणाऱ्यास ती प्राणघातक ठरू शकते. अशा धडकेत एका घरचा कर्ता माणूस जायबंदी होतो आणि दुसऱ्या घरचे दुभते जनावर जाते. बहुधा ही दोन्ही कुटुंबे कष्टकऱ्यांचीच असतात.

वन्य प्राण्यांची स्थिती याहून बिकट आहे, कारण त्यांच्यासाठी तक्रार करणारा धनी नसतो. १९६८ साली घोषित झालेल्या कर्नाळा पक्षी अभयारण्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पूर्वीच्या जंजिरा संस्थानचे शिकारीचे रान असलेले फणसाड १९८६ साली अभयारण्य झाले. तेथे बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर व शेकरू यांचा वास आहे. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू वाहतुकीस खुला झाल्यापासून मुंबई आणि ही किनारपट्टी यांतील अंतर अधिकच कमी झाले आहे. वाहने वाढणे हे विकासाचे लक्षण असले, तरी त्या विकासाची किंमत मुक्या जीवांनी मोजावी हे उचित नव्हे.

वेगाचे गणित

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारणतः दीड सेकंद जातो. म्हणजे ३३ मीटर अंतर नुसत्या भानावर येण्यातच सरते. त्यानंतर ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी ६० मीटरांच्या आसपास अंतर लागते. उलटपक्षी, खाली झुकविलेल्या दिव्यांचा उपयुक्त प्रकाश सुमारे ५० मीटरांपर्यंत पोहोचतो. सारांश, काळी म्हैस चालकाला दिसते तेव्हा गाडी थांबविण्याची वेळ टळून गेलेली असते. हाच वेग ताशी ५० किलोमीटर असेल, तर एकूण अंतर ४५ मीटरांच्या घरात येते आणि जनावर व चालक दोघेही वाचू शकतात. यंत्राची मदत घ्यावयाची ती हे हरवलेले काही सेकंद परत मिळविण्यासाठी.

यंत्र कसे पाहते

संगणकाला कॅमेऱ्यातील चित्र म्हणजे केवळ आकड्यांची मांडणी असते. चित्रातील प्रत्येक लहान ठिपक्याचा रंग व उजळपणा आकड्यांत मांडलेला असतो. हजारो चित्रांवर माणसांनी ‘ही गाय’, ‘हा कुत्रा’, ‘हा पादचारी’ अशा खुणा करून ती संगणकास दाखविली की त्या आकड्यांतील साम्य तो शिकतो आणि नवे चित्र पाहून समोर काय असावे याचा अंदाज सांगतो. यालाच संगणकीय दृष्टी म्हणतात. अंधारात उष्णतावेधी कॅमेरा उपयोगी पडतो, कारण तो प्रकाशाऐवजी शरीरातून बाहेर पडणारी उष्णता टिपतो.

असे कॅमेरे दोन प्रकारे बसविता येतात. एक वाहनातच, जेणेकरून धोका दिसताच चालकास इशारा मिळावा. दुसरा रस्त्याकडेच्या खांबावर, जेणेकरून जनावर रस्त्यावर येताच अलीकडे दोनशे मीटरांवरील फलक लुकलुकू लागावा. दुसरा प्रकार किनारपट्टीस अधिक उपयुक्त आहे, कारण जुन्या दुचाकीस्वारालाही त्याचा लाभ मिळतो.

शिकविले तेवढेच दिसते

या विद्येची मर्यादा मात्र नीट ध्यानी घेतली पाहिजे. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने आपल्या देशातील मूस हरणांवरून मोठे प्राणी ओळखण्याची यंत्रणा तयार केली. ऑस्ट्रेलियात मात्र तिला कांगारूने गोंधळात टाकले, असे २०१७ साली उघड झाले. यंत्र जमिनीवरील स्थानावरून प्राण्याचे अंतर ठरवीत असे. कांगारू उडी मारून हवेत गेला की तो दूर आहे असे त्यास वाटे आणि जमिनीवर उतरला की जवळ.

हाच धडा कोकणासही लागू आहे. यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘कोको’ या २०१४ सालच्या चित्रसंग्रहात ८० प्रकारच्या वस्तू व प्राणी आहेत. त्यांत जिराफ आहे, झेब्रा आहे. परंतु म्हैस नाही, शेळी नाही आणि वानरही नाही. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली भारतीय रस्त्यांवरील सुमारे दहा हजार चित्रांचा संग्रह खुला केला, हे स्तुत्य पाऊल होय. तथापि त्यातील रस्ते प्रामुख्याने हैदराबाद व बंगळूर परिसरातील आहेत. आषाढातील मुसळधार पाऊस, वळणावरची गर्द झाडी आणि रस्त्यात अंग चोरून बसलेली म्हैस ही चित्रे रायगडातच टिपावी लागतील.

देशातील अनुभव

महाराष्ट्रात या विद्येचा प्रारंभ झालेला आहे. नागपूर येथे २०२१ साली ‘आय-रास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला आणि शहर बसगाड्यांत समोरील धोका ओळखणारे कॅमेरे बसविण्यात आले. चालकास इशारा देण्याबरोबरच वारंवार इशारे कोठे मिळतात याची नोंद ठेवून धोक्याच्या जागा आधीच शोधणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. तमिळनाडूत कोइमतूरजवळ मदुक्कराई येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये रेल्वेमार्गालगत १२ मनोरे उभारून त्यांवर कॅमेरे बसविले गेले. हत्ती रुळांजवळ येताच नियंत्रण कक्षातून सूचना जाते आणि गाडीचा वेग कमी केला जातो. यंत्राने पाहावे, कर्मचाऱ्याने कळवावे आणि चालकाने वेग उतरवावा, अशी ही साखळी आहे. तिची एक कडी तुटली तरी कॅमेरा निरुपयोगी ठरतो.

पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ नागपूर-सिवनी महामार्गावर प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्त्याखालून वाटा ठेवण्यात आल्या. वाघासह १८ प्रकारचे वन्य प्राणी त्या वापरतात, हे २०१९ मधील कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून सिद्ध झाले. जेथे प्राण्यांची जुनी वाट ठाऊक आहे तेथे भुयारी मार्गास पर्याय नाही. तो योग्य जागी व्हावा म्हणून कॅमेऱ्याची साक्ष मोलाची ठरते.

गावाचा वाटा

यंत्र वाऱ्यापावसात चुकते. भिंगावर पाणी साचते, तापलेल्या डांबरासमोर जनावराची उष्णता ठळक दिसत नाही, साप-बेडकांसारखे लहान जीव निसटतात. खोटे इशारे वारंवार मिळाले तर चालक त्यांकडे दुर्लक्ष करू लागतो. म्हणून पहिली गरज आहे ती योग्य जागा निवडण्याची, आणि ती माहिती गावाकडेच आहे. जनावर कोणते, कोठे, किती वाजता, पाऊस होता काय, एवढ्या चार गोष्टींची नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावच्या रस्त्याचा नकाशा काढून घ्यावा आणि नोंदींच्या जागा त्यावर दाखवाव्यात. एका पावसाळ्याच्या नोंदींवरूनही धोक्याची वळणे स्पष्ट होऊ लागतील.

महामार्गांवरून मोकाट जनावरे हटविण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिले आहेत. परंतु हटविलेली गुरे ठेवावयाची कोठे, हा प्रश्न गावपातळीवरच सुटावयाचा आहे. पडीक कोंडवाड्यांची दुरुस्ती, पावसाळ्यात उंचवट्यावर सामायिक गोठा, गळ्यात प्रकाश परावर्तित करणारा पट्टा आणि वस्तीजवळ वेगमर्यादेची अंमलबजावणी हे उपाय अल्पखर्चाचे असून ते आजच हाती घेता येतील. कॅमेरा उद्या आला तरी या उपायांची गरज संपणार नाही. तसेच त्यांची जोड मिळाल्याखेरीज कॅमेऱ्याचा इशाराही फळास येणार नाही.

पूर्वी गुरांमागे गुराखी असे. कोणते जनावर कळप सोडून जाते, कोणते रस्त्याकडे वळते, हे त्यास पक्के ठाऊक असे. आज गुराखी दुर्मीळ झाला आणि रस्त्यावरील वेग वाढला. त्या जागरूक डोळ्याची उणीव यंत्र काही अंशी भरून काढू शकेल. मात्र काय पाहावे हे त्यास शिकविण्याचे आणि त्याने हाक दिल्यावर धावून जाण्याचे काम रायगडच्या गावांनाच करावे लागेल.